शाडू, विसर्जन आणि श्रद्धा : बुडवायचंच आहे तर एवढं कोरायचं कशाला?

चौरंग

नागपंचमीच्या आसपास कोकणात घरोघरचे पाट शाळेत जातात. शाळा म्हणजे गणपतीची शाळा, पाटी-पेन्सिलीची नव्हे. पाटाच्या मागे खडूने घराचं नाव लिहिलेलं असतं आणि त्याच पाटावर त्या घराची मूर्ती बसते. पुढे दीड, पाच, सात किंवा दहा दिवसांनी मूर्ती पाण्यात जाते आणि पाट तेवढा घरी परत येतो.

प्रश्न असा की, जी वस्तू दीड दिवसात पाण्यात सोडायची हे आधीच ठरलेलं आहे, तिच्या नखांवर, कानाच्या पाळीवर, शेल्याच्या चुण्यांवर माणसं तासन्‌तास का घालवतात? नुसत्या कलेच्या हिशेबाने हा आतबट्ट्याचा धंदा आहे.

माझं मत सांगते. श्रद्धा इथे 'प्रेरणा' वगैरे ढोबळ काही देत नाही, ती कारागिराला नेमक्या अटी घालते. माती कच्ची हवी, ती पाण्यात जायला हवी, अमुक तिथीला मूर्ती तयार हवी, तिने समोर बसलेल्याकडे बघायला हवं. शाडूच्या मूर्तीचं जे रूप आपल्याला आवडतं ते या अटींतून आलंय. अटी सैल केल्या की रूप बिघडतं.

पटतंय का? ज्यांचे हात मातीत असतात त्यांनी तपशिलात लिहा. 'आमच्या लहानपणी' छापाच्या आठवणींसाठी वेगळा धागा आहे, कृपया तिकडे जावे :)

निरुपद्रवी

पहिला! (वाचून मग लिहितो.)

गाळीव माती

चौरंगताई, सगळ्यात मोठी अट तुम्ही ओझरती लिहिलीत: भाजायचं नाही. भट्टीत गेलेली माती पुन्हा माती होत नाही, मग ती पार्थिव कसली? आणि कच्ची वाळलेली माती दाब सोसते, ताण सोसत नाही. वरून वजन पडलं तर उभी राहते, पण बाजूला काढलेला बारीक अवयव टिचकीसरशी जातो.

आता जुन्या वळणाच्या घरगुती मूर्तीकडे या नजरेने बघा. मांडी घातलेली रुंद बैठक, म्हणजे बूड जड. सोंड खाली येऊन डाव्या हातातल्या मोदकावर टेकलेली, म्हणजे तिच्या टोकाला आधार. मागचे दोन हात कोपरात दुमडून कानांच्या जवळ. आशीर्वादाच्या हाताची बोटं जुळलेली. पाठ लोडाला टेकलेली. शेला खांद्यावरून कोपराखाली येऊन मांडीवर उतरलेला. भाविकाला तो शेला वाटतो, मूर्तिकाराच्या लेखी तो खांब असतो.

तपशिलात लिहा म्हणालात म्हणून कृतीही लिहितो:

भिजवणं. १० किलो कोरड्या शाडूला तीन-साडेतीन लिटर पाणी. पाण्यात शाडू टाकायचा, शाडूत पाणी ओतायचं नाही, नाहीतर गुठळ्या आतून कोरड्या राहतात. रात्रभर मुरवायचा. सकाळी मूठभर पिंजलेला कापूस पाकळी-पाकळी सोडवून त्यात मळायचा. कापसाचा गोळा तसाच राहिला तर भेग तिथूनच जाते. मळून झालं का ते बघायला करंगळीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळा. वरची बाजू फाटली तर अजून मळा, बोटाला चिकटली तर पाणी जास्त झालंय.

साचा. दीडेक सेंटिमीटर जाडीची पोळी थापून साच्याच्या दोन्ही भागांत दाबायची, बैठकीत थोडी जाड. जोडाच्या कडा चाकूने खरवडून पातळ शाडूची पेज लावायची आणि मगच जुळवायच्या. नुसतं दाबून जोडलं तर वाळताना जोड उघडतो, कानामागून खांद्यापर्यंत सरळ रेषेत. मूर्ती पोकळ ठेवायची आणि बुडाला बोटभर भोक ठेवायचं, नाहीतर आतली ओल जाणार कुठून?

वाळवणं. सावलीत. पंख्याचा झोत नको, शेगडी तर नकोच. फूटभर मूर्तीला पावसाळी हवेत बारा-पंधरा दिवस धरा. सोंड, बोटं आणि कान आधी वाळतात, पोट सगळ्यात शेवटी. म्हणून पहिले तीन-चार दिवस बारीक अवयवांना ओलसर फडकं गुंडाळून ठेवतात, म्हणजे सगळं एका चालीने आटतं. हे टाळलं की भेग ठरलेल्या जागी येते: सोंड जिथे गालातून निघते तिथे, नाहीतर मनगटाला.

निरुपद्रवी

'करंगळीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळा'. चकलीच्या भाजणीलाही हीच परीक्षा चालते हो. वाचनखूण साठवली.

खडूस आजोबा

एवढं सगळं खरं असेल, पण मुद्दा पटत नाही. शास्त्राला मूर्ती लागतच नाही. कोणत्याही कार्यात गणपतिपूजन सुपारीवर होतं. विड्याची पानं, मूठभर तांदूळ, वर सुपारी, झाला गणपती. त्याच आठवड्यात येणाऱ्या गौरी बघा. कोकणस्थांकडे पाणवठ्यावरून आणलेले पाच किंवा सात खडे, ज्याच्या त्याच्या रीतीप्रमाणे. आणणाऱ्या बाईने वाटेत बोलायचं नाही, संपलं. काही घरांत तेरड्याच्या रोपांची जुडी हीच गौर. ज्या श्रद्धेचं काम खड्यावर भागतं तिला कलेची काय गरज? कला ही हौस आहे, श्रद्धेच्या नावावर खपवलेली.

काडीपेटी

आजोबांना +१. आणि खरं कारण बाजार आहे. प्लास्टर वीसेक मिनिटांत घट्ट होतं, रबरी साचा सोलला की पुढची मूर्ती ओता. शाडूची साच्यातून निघून हाताळण्याजोगी व्हायलाच बराच वेळ जातो, वर सफाईचं काम वेगळं. फूटभर शाडूची मूर्ती चार-पाच किलो सहज भरते, प्लास्टरची निम्म्यावर. पेणहून ट्रकभर माल न्यायचा तर कुणीही काय निवडेल? श्रद्धा दोन्हीकडे तेवढीच आहे, मग अटी कुठे गेल्या?

*टाकली काडी. कृपया हलके घ्या.*

शेंदूर

@खडूस आजोबा, तुमचा मुद्दा मला उलट बाजूने दिसतो. सुपारीने काम भागतं म्हणूनच मूर्तिकाराचा हात मोकळा होतो. पूजेतला अभिषेकच घ्या. कच्च्या शाडूवर पंचामृत ओतलं तर आरतीपर्यंत पाय उरणार नाहीत. म्हणून मूर्तीवर दूर्वेने किंवा फुलाने शिंपडायचं आणि खरं स्नान समोरच्या ताम्हनातल्या सुपारीला घालायचं. ओलं-चिकट सगळं सुपारी सोसते. मूर्तीला त्यातलं काही सोसायचं नाही, म्हणून तिला नाजूक राहता येतं. घरातल्या पितळी देवाचं बघा. रोजच्या पाण्याने आणि घासण्याने शंभर वर्षांत नाकडोळे बोथट होतात, म्हणून तो घडवतानाच ठसठशीत घडवतात. जी मूर्ती कधी घासली जाणार नाही तिच्याच नखाला कोर काढणं परवडतं.

खडूस आजोबा

हं. हे मी असं पाहिलं नव्हतं. तरी हौस ती हौसच.

रसायनी

(आयडीवरून गैरसमज नको, गाव आहे ते.)

काडीपेटी, 'श्रद्धा दोन्हीकडे तेवढीच' हे पाण्यात गेल्यावर खरं राहत नाही. शाडू पाण्यात विरघळत नाही, विसकटतो. वाळलेल्या मातीच्या बारीक छिद्रांत पाणी शिरतं, आतली हवा कोंडते आणि थर सुटत जातात. म्हणूनच खडखडीत वाळलेली मूर्ती झपाट्याने सुटते आणि आतून ओलसर राहिलेली तासन्‌तास तशीच बसून राहते. लोकांना हे उलटं वाटतं. विसर्जनाला मूर्ती 'हलत नाही' अशी तक्रार ऐकली की पहिली शंका तैलरंग-वार्निशाची घ्यावी आणि दुसरी अर्धवट वाळवणीची.

प्लास्टरचं गणित वेगळं. घट्ट झालेलं प्लास्टर म्हणजे जिप्सम. ते एका लिटर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. ३ किलोच्या मूर्तीला बाराशे-पंधराशे लिटर पाणी हवं, तेही ढवळत राहिलात तर. २० लिटरच्या बादलीत ४०-५० ग्रॅम जातील आणि बाकी गणपती तसाच तुमच्याकडे बघत राहील.

घरात प्लास्टरची मूर्ती आलेलीच असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेली अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत वापरा. मूर्तीच्या वजनाएवढी पावडर, मूर्ती पूर्ण बुडेल एवढं पाणी, दोन-तीन तासांनी ढवळायचं. साधारण दोन दिवसांत तळाला खडूसारखा कॅल्शियम कार्बोनेटचा गाळ बसतो आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट उरतं, म्हणजे खत. झाडांना घालताना भरपूर पाणी मिसळूनच, नाहीतर पानं करपतात. बादली गच्चीत किंवा अंगणात ठेवा, अमोनियाचा वास डोळ्यांत पाणी आणतो. झाकण घट्ट लावू नका, वायू सुटत असतो. वरचा तैलरंग सालीसारखा तरंगतो, तो काढून सुक्या कचऱ्यात.

वैशाखवणवा

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची २०२० ची तत्त्वं, २०२५ मधले मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश (प्लास्टरच्या मूर्ती बनवायला हरकत नाही, पण सहा फुटांपर्यंतच्या मूर्तींचं नैसर्गिक पाण्यात विसर्जन नाही), हे सगळं असताना लोक अजून...

चौरंग

वैशाखवणवा, त्यावर तीन धागे आधीच पेटलेत. इथे कारागिरीबद्दल बोलूया, प्लीज.

टोकदार

डोळ्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून? आखणी हा निम्मा गणपती.

डोळे शेवटी लिहितात. पूजेत दूर्वेच्या टोकाने तूप लावून नेत्रोन्मीलन होतं, दगडी मूर्तीच्या प्रतिष्ठेत सोन्याच्या शलाकेने. ते झाल्याशिवाय मूर्ती बघत नाही अशी धारणा. शाळेत या धारणेचा व्यावहारिक फायदा होतो: अंगाचा रंग, गालांची छटा, सोनेरी काम सगळं आटोपल्यावरच डोळ्याला हात लागतो, त्यामुळे त्यावर फवारा उडत नाही की कुणाचं बोट लागत नाही.

घरगुती फूटभर मूर्तीच्या डोळ्याची रीत: आधी पांढरा भरायचा, तो एकदम शुभ्र नको, चिमूटभर पिवडी (पिवळ्या मातीचा रंग) टाकून दुधाळ करायचा. मग बुबुळ. वरच्या पापणीने बुबुळाचा पाचवा-सहावा हिस्सा झाकलेला हवा. बुबुळाच्या वर पांढरं दिसलं तर मूर्ती दचकलेली वाटते, खाली जास्त दिसलं तर तंद्रीत असल्यासारखी. मग काळी रेघ, वरच्या पापणीला आतून बाहेर, एका दमात. रेघ मध्ये तोडून पुन्हा जोडली की जोड कायम दिसतो. शेवटी पांढरा ठिपका, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला. एकात डावीकडे आणि दुसऱ्यात उजवीकडे गेला की गणपती तिरळा.

रेघ फुटते ती बहुतेक वेळा हातामुळे नाही, पृष्ठभागामुळे. खालचा पांढरा हात पॉलिश पेपरने नीट घासला नसेल तर माती रंग ओढून घेते आणि कडेला केस फुटतात. रंग दाट असेल तर रेघ अडखळते. थेंबभर पाणी घालून अंगठ्याच्या नखावर एक रेघ मारून बघायची, मगच मूर्तीला हात लावायचा.

आता नजर. चौरंग फूटभर उंच, त्यावर फूटभर मूर्ती: डोळे जमिनीपासून ५०-५५ सेंटिमीटरवर. पाटावर मांडी घालून बसलेल्या मोठ्या माणसाचे डोळे ७५-८० वर. म्हणजे पूजा सांगितल्याप्रमाणे बसून केली तर माणूसच मूर्तीकडे जरा वरून बघतो. म्हणून घरच्या मूर्तीचं बुबुळ मध्यापासून केसभर वर. मंडळाच्या पंधरा फुटी मूर्तीचं बरोबर उलटं: बुबुळ खाली, मान पुढे झुकलेली, आणि डोकं हिशेबापेक्षा मोठं, कारण खालून बघताना ते लहान दिसतं. ते माप तसंच्या तसं घरच्या मूर्तीला लावलं की बापाचा सदरा घातलेलं पोर दिसतं. जाणता मूर्तिकार मूर्ती ठरवतानाच विचारतो, चौरंगावर बसवणार की टेबलावर?

निरुपद्रवी

आजपासून आमच्या टीव्हीखालच्या कपाटावर बसणाऱ्या बाप्पाची नजर कुठे जाते ते तपासणार. बहुधा रिमोटकडे.

शेंदूर

टोकदार, जबरदस्त! चौरंगताईंच्या 'समोर बसलेल्याकडे बघायला हवं' या अटीचं एवढं काटेकोर उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं.

रंगांचं काय? जुने नैसर्गिक रंगच वापरावेत ना?

टोकदार

'नैसर्गिक' शब्दावर जाऊ नका. गेरू, पिवडी, काजळी, खडूची पूड, हे निर्धोक. पण हिंगूळही नैसर्गिकच, तो पाऱ्याचा. हरताळ आर्सेनिकचा. आणि शेंदूर शिशाचा, म्हणजे तुमचा आयडीच विसर्जनाला चालणार नाही :)

बांधणीला डिंक. वाटीभर पाण्यात मोठा चमचा डिंक रात्रभर भिजवून फडक्यातून गाळायचा, त्यात रंग खलायचा. डिंक कमी पडला तर रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर वाळल्यावर पापुद्रे सुटतात. हळद वापरायची तर उन्हात उडते हे लक्षात ठेवा. पाच दिवसांच्या गणपतीला चालून जातं, खिडकीत ठेवला तर पितांबर तिसऱ्या दिवशीच फिकट.

काडीपेटी

सगळं छान, पण सिक्स-पॅकवाला गणपती, सिनेमातल्या नटाच्या अवतारातला गणपती, मोबाइल धरलेला उंदीर, याला कोणती श्रद्धा अट घालते?

गाळीव माती

चांगला प्रश्न, आणि त्याला मापात उत्तर आहे. शिल्पशास्त्रात गणपतीला पंचताल मान सांगितलंय. ताल म्हणजे चेहऱ्याची लांबी, तिचे बारा भाग म्हणजे बारा अंगुळं. उभ्या गणपतीची उंची पाच चेहऱ्यांची, साठ अंगुळं. विष्णू-शिवांसारख्या मोठ्या देवता नऊ-दहा तालांत जातात. पाच तालांत डोकं मोठं, पाय आखूड, पोट पुढे. हे बाळाचं माप आहे, म्हणून हत्तीचं डोकं त्या धडावर खपतं.

सिक्स-पॅकवाल्याला कारागीर सात-साडेसात चेहऱ्यांची अंगलट देतो, कारण स्नायू दाखवायला लांब धड लागतं. मग मान बारीक होते, खांदे रुंद होतात, आणि समोर गणपती न दिसता हत्तीचा मुखवटा घातलेला माणूस दिसतो. बघणाऱ्याला 'काहीतरी चुकलंय' एवढंच कळतं. चुकलेलं असतं माप. वरून तो उभा, हात फाकलेले, त्यामुळे कच्च्या शाडूत तो उभाच राहत नाही. आत सळई किंवा तार घालावी लागते, म्हणजे विसर्जनानंतर किनाऱ्यावर तारेचा सांगाडा.

काडीपेटी

हे मान्य. काडी विझली.

हावडा ब्रिज

थोडं अवांतर, पण तुलनेला उपयोगी. बंगालची दुर्गा हाही कच्च्या मातीचाच मामला आहे, आणि तिथे सिंहावर उभी, दहा हात पसरलेली देवी कच्च्या मातीतच उभी राहते. त्यांनी सांगाडाच विसर्जनाला साजेसा केला. बांबूची चौकट, तिला म्हणतात काठामो. तिच्यावर भाताच्या पेंढ्याचे मुटके सुतळीने आवळून अख्खं शरीर आधी पेंढ्याचं करतात. मग चिकट मातीत तूस मिसळून जाड लेप, तो वाळून भेगाळला की भेगा बुजवून वर बारीक मातीचा हात, आणि जोडांवर मातीत भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या. बोटं आणि चेहरे वेगळे करून नंतर बसवतात.

पेंढा का, तर माती आटताना तो दबतो. आत घट्ट लाकूड असतं तर लेप चहूबाजूंनी तडकला असता. गंगेत सोडल्यावर माती सुटते, पेंढा तरंगतो, आणि बांबूच्या चौकटी लोक ओढून काढून पुन्हा वापरतात.

तिथीची अटही तशीच. अनेक ठिकाणी काठामोची पूजा रथयात्रेच्या दिवशी, आणि डोळे महालयेला, म्हणजे आपल्या सर्वपित्री अमावस्येला. कुमारटुलीत, म्हणजे कोलकात्याच्या मूर्तिकारांच्या वस्तीत, डोळे लिहिण्याला चोक्खुदान म्हणतात. मातीत वेश्यावस्तीच्या अंगणातली मूठभर माती मिसळायची परंपरा आहे. तिने लेपाच्या ताकदीत काही फरक पडत नाही, पण ती मागायला मूर्तिकाराला त्या दारात जावं लागतं.

खडूस आजोबा

हे शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

मांडवीपार

गोंयकारांच्या वतीने एक भर. आमच्याकडे मूर्ती चिकणमातीची, चित्रशाळेत होते, पण हौस अर्धी मूर्तीत आणि अर्धी माटोळीत. मूर्तीच्या वर आढ्याला टांगलेली लाकडी चौकट, तिला रानातली आणि बागेतली फळं-फुलं-पानं बांधायची: सुपारीचा घोस, नारळांचा घड, कांगलां, कवंडळ, काकड्या, तोरिंगण. त्या ऋतूत रान जे देईल ते. आता कारागिरी कुठे लागते बघा. जड वस्तू चौकटीच्या कडांना आणि कोपऱ्यांना, हलक्या मध्ये, नाहीतर चौकट एका अंगाला कलते. देवाच्या बरोब्बर डोक्यावर पिकलेलं काही बांधायचं नाही, दुसऱ्या दिवशी रस गळतो. आणि कवंडळ विषारी, ते फक्त शोभेला, पोरांच्या हाती लागू द्यायचं नाही.

काही घरांत मूर्ती नसतेच, कागदावरचं चित्र पुजतात. पोर्तुगीज काळात मूर्तिपूजेवर बंदी आली तेव्हाची ही रीत मानतात. कागद पटकन गुंडाळून लपवता येतो.

सातासमुद्रापार

वाचतेय आणि हेवा वाटतोय. इथे परदेशात शाडू मिळत नाही. दुकानातली हवेवर वाळणारी 'क्ले' चालेल का? मुलांकडून करून घ्यायची आहे, वीतभर.

गाळीव माती

नको. तिच्यातल्या बऱ्याच प्रकारांत कागदाचा लगदा आणि कृत्रिम गोंद असतो, पाण्यात ती फुगून लिबलिबीत होते आणि तशीच राहते. कुंभारकामाच्या सामानाच्या दुकानात जा आणि साधी न भाजलेली कुंभारी माती मागा. आत भाजलेल्या मातीची भरड नसलेली घ्या, मुलांची बोटं खरचटत नाहीत आणि सफाईही येते. वीतभर मूर्तीला दीड-दोन किलो पुरे.

तुमच्याकडची खरी अडचण घरातली कोरडी गरम हवा. हीटर किंवा एसी चालू असलेल्या खोलीत एका रात्रीत बाहेरून वाळते, आत ओली, आणि सकाळी गळ्याला आडवी भेग. वर प्लास्टिकची पिशवी सैल घाला, रोज थोडी उघडा, पाच-सहा दिवसांनी काढा. भरीव करत असाल तर बुडातून चमच्याने पोट कोरून काढा, भिंत अंगठ्याएवढी ठेवा.

आणि पाटावर थेट बसवू नका, ही सगळ्यांसाठीच सूचना. शाडू वाळताना शंभराला पाचेक आटतो, म्हणजे फूटभरात दीड सेंटिमीटर. बूड लाकडाला चिकटलं असेल तर वरचं शरीर आटतं, खालचं जागचं हलत नाही, आणि बैठक मधोमध तडकते. मध्ये कोरडी राख किंवा वर्तमानपत्राचे दोन कागद ठेवा, बूड सरकायला मोकळं राहतं.

सातासमुद्रापार

धन्यवाद! आणि आत बी घातलेला 'झाडाचा गणपती' करू का?

रसायनी

करा, पण बी मातीत मळू नका. ओल्या मातीत बी चार-पाच दिवसांत फुटतं आणि मूर्ती वाळायला त्याहून जास्त दिवस लागतात. चतुर्थीआधीच गणपतीच्या पोटातून तुळस उगवेल. मूर्ती पूर्ण वाळली की बुडाच्या भोकातून बी आत सोडा आणि ओल्या मातीचं बूच लावा. नुसती लाल माती असेल तर ती भुसभुशीत, बारीक काम धरत नाही. निम्मी कुंभारी माती मिसळा.

निरुपद्रवी

'पोटातून तुळस उगवेल'. गणपतीला एरवी तुळस वाहत नाहीत, तिने आतून शिरकाव केला म्हणायचा.

वैशाखवणवा

एक व्यावहारिक शंका. मूर्ती आणताना बोट तुटलं तर खंडित म्हणून बदलायची का?

शेंदूर

प्राणप्रतिष्ठेआधी ती मूर्ती म्हणजे माती, दुरुस्त करायला काही हरकत नाही असं बहुतेक गुरुजी सांगतात. म्हणूनच घरी आणताना तोंडावर रुमाल असतो आणि पूजा होईपर्यंत ती नुसती 'आणलेली' असते. नंतर तुटलं तर तुमच्या गुरुजींना विचारा, घराघरांत मत वेगळं.

गाळीव माती

दुरुस्ती अशी: तुटलेले दोन्ही भाग ब्रशने जरासे ओले करा, एकदम ओलं नाही. शाडूची पूड डिंकाच्या पाण्यात दाट कालवून लावा, दाबून धरा. नुसत्या ओल्या शाडूने जोडू नका, ओली माती आटणार आणि वाळलेली आटणार नाही, जोड सुटणारच. तास-दीड तासाने रंगाचा हात. म्हणून चांगला मूर्तिकार मूर्तीबरोबर कागदाच्या पुडीत थोडा शाडू देतो. तुम्हाला दिला नसेल तर मागून घ्या.

खडूस आजोबा

मूळ प्रश्नाकडे येतो. कला म्हणजे हौस, हे मी मागे घेत नाही. पण धाग्यात एक गोष्ट दिसली. आखणीतला ठिपका, राखेचा थर, माटोळीचा तोल, यातलं काहीही मूर्ती टिकावी म्हणून नाही. सगळं ठरलेल्या दिवसापर्यंत पोचावी म्हणून आहे. संग्रहालयातल्या शिल्पाला ही मुदत नसते. त्याला 'झालं' कधी म्हणायचं हे शिल्पकार ठरवतो, इथे पंचांग ठरवतं. चतुर्थीच्या आदल्या रात्री जे अर्धं राहिलं ते राहिलं.

टोकदार

बरोबर. आणि म्हणून आखणीवाला सगळ्या मूर्तींचे डोळे आधी पुरे करतो, दागिन्यांचं सोनेरी मागे ठेवतो. सोनेरी राहिलं तर हार घालून झाकता येतं. डोळ्यावर काय घालणार?

चौरंग

आजोबा, तुमचं 'पोचावी म्हणून' हे माझ्या 'अटी'पेक्षा नेमकं आहे. धाग्याच्या शीर्षकाला उत्तर म्हणून घेते.

एक शेवटची शंका. घरच्या बादलीत विसर्जन केल्यावर उरलेला गाळ पुढच्या वर्षी वापरता येतो का? नदीवर गेलं की पाटावर मूठभर वाळू घेऊन परत यायची रीत आहेच, त्यामुळे मनाला खटकत नाही. मातीच्या बाजूने काही अडचण?

गाळीव माती

येतो. वरचं पाणी दोन दिवसांनी हलक्या हाताने ओतून टाका. गाळ मच्छरदाणीच्या कापडातून गाळा, रंगाचे पापुद्रे, दूर्वा, कापूस वर राहतील. मग जुन्या सुती धोतरात बांधून टांगा, आठवड्याभरात मळण्याजोगा होतो. तेला-तुपाचा अंश राहिला तर माती मळताना सुटी सुटी होते, म्हणून निम्मा नवीन शाडू घालाच. वाळवून फोडून पोत्यात भरून ठेवा, ओली ठेवलीत तर वास धरते. आणि पोत्यावर खडूने 'गणपती' असं लिहा, नाहीतर कुणीतरी कुंडीत ओतेल.

निरुपद्रवी

पाटावर घराचं नाव आणि पोत्यावर देवाचं. बरं, आमचा पाट अजून माळ्यावरच आहे, काढतो.